दिवा कोणाचे ऐकतो?

राउटरवर, कॅमेऱ्यावर, संगणकाच्या पेटीवर लुकलुकणारा बारीकसा दिवा हा वादाचा विषय असू शकतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा लागला म्हणजे काहीतरी चालू आहे आणि विझला म्हणजे बंद आहे, एवढ्यावर आपले समाधान होते. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक उपकरणांत तो दिवा विजेच्या प्रवाहाशी थेट बांधलेला नसतो. त्याला पेटवायचे की विझवायचे हे एक प्रोग्राम ठरवतो, आणि तो प्रोग्राम बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ड्रायव्हर म्हणून बसलेला असतो. त्यामुळे दिवा जे सांगतो ते त्या प्रोग्रामचे म्हणणे असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हा फरक पुस्तकी राहत नाही. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ज्या ग्रामपंचायतीत पोहोचली आहे तिथल्या पेटीवर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला की प्रकाशाचा सिग्नल येत नाही, म्हणजे बहुधा तार कुठेतरी तुटली आहे, हे पेटी सांभाळणाऱ्याला कळते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झालेला असताना तंत्रज्ञ येऊ शकत नाही. तेव्हा बिघाडाचे निदान जे काही होते ते त्या दिव्यावरूनच. दुसरीकडे १,७२७ चौरस किलोमीटरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या ट्रॅप कॅमेऱ्याचा दिवा दिसूच नये अशी अपेक्षा असते. आणि बफरमधल्या सीतारामपेठसारख्या गावांभोवती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची 'आभासी भिंत' उभारण्याचे जे प्रयोग अलीकडे झाले, त्यांत यंत्रणा जागी आहे की झोपली आहे हे गावकऱ्याला कसे कळणार, हा तिसराच प्रश्न उभा राहतो.

दिव्यावरचा ताबा कोणाकडे असावा, हार्डवेअरकडे, कर्नेलकडे की वापरणाऱ्याच्या प्रोग्रामकडे, यावर लिनक्सच्या जगात गेली वीसेक वर्षे चर्चा चालू आहे. तिचा आढावा घेताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. बहुतेक मतभेद 'कोणता थर योग्य' असे मांडले गेले, पण त्यांच्या मुळाशी 'हा दिवा कोणासाठी आहे' हा प्रश्न असतो. तो आधी सुटला तर थर निवडणे तुलनेने सोपे जाते. तो न सोडवता सगळ्या दिव्यांना एकच यंत्रणा लावली की अडचणी सुरू होतात.

२००६च्या आधी आणि नंतर

कर्नेलने दिवे हाताळणे नवे नाही. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि नम लॉकचे दिवे कन्सोलच्या ड्रायव्हरकडून पेटवण्याची सोय लिनक्समध्ये फार पूर्वीपासून होती. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांसाठी वेगळी तजवीज होती: घड्याळाचा ठोका पडला की एक दिवा बदलायचा, प्रोसेसर रिकामा बसला की दुसरा विझवायचा. पण हे सगळे बोर्डागणिक लिहिलेले असे. नवा बोर्ड आला की नवा कोड, आणि एका बोर्डावरची युक्ती दुसऱ्यावर चालत नसे. हातात मावणाऱ्या शार्प झॉरस संगणकांवर लिनक्स चालवणाऱ्यांना याचा विशेष त्रास होता, कारण त्यांच्यावर चार्जिंग आणि टपाल दाखवणारे दिवे होते. रिचर्ड पर्डी यांनी याच पार्श्वभूमीवर जॉन लेन्झ यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन एक सामाईक 'एलईडी वर्ग' तयार केला, आणि २००६मध्ये २.६.१७ या आवृत्तीत तो मुख्य कर्नेलमध्ये आला.

त्याची रचना आजही जवळपास तशीच आहे. प्रत्येक दिवा सिसएफएस नावाच्या आभासी फाइलप्रणालीत एका फोल्डरच्या रूपात दिसतो. त्यातल्या 'ब्राइटनेस' या फाइलमध्ये शून्य लिहिले की दिवा विझतो, मोठा आकडा लिहिला की पेटतो. दुसरी फाइल 'ट्रिगर'ची. ट्रिगर म्हणजे कर्नेलमधल्या एखाद्या घटनेशी दिव्याची गाठ मारणे. 'टायमर' लावला की ठरलेल्या मिलिसेकंदांनी दिवा लागतो-विझतो. डिस्कचा ट्रिगर लावला की वाचन-लेखन झाले की चमकतो. 'हार्टबीट' हा मला सर्वांत बोलका वाटतो. तो ७० मिलिसेकंदांचे दोन झटपट ठोके देतो आणि मग थांबतो; यंत्रावर काम नसेल तर हे चक्र १,२६० मिलिसेकंदांचे असते, सरासरी भार एकवर गेला की ८६० आणि पाचवर गेला की ५१०. म्हणजे पडदा, कीबोर्ड, नेटवर्क यांपैकी काहीही नसले तरी दुरून पाहणाऱ्याला यंत्र जिवंत आहे आणि किती दमले आहे हे कळते. या रचनेचे खरे यश असे की दिवा पेटवण्याची क्रिया आणि कधी पेटवायचा याचा निर्णय या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला फक्त पहिलीची काळजी. दुसरी ट्रिगरवर किंवा वापरणाऱ्यावर सोपवलेली.

पुढची वर्षे या पायावर भर घालण्यात गेली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी वेगळा वर्ग आला, कारण तिथे प्रवाह आणि वेळ यांची मर्यादा ओलांडली तर दिवा जळतो. २०१९च्या सुमारास रंग आणि कार्य यांवरून दिव्यांना नावे देण्याची शिस्त आखली गेली. २०२०मध्ये बहुरंगी दिव्यांचा वर्ग आला. तोवर लाल, हिरवा आणि निळा हे तीन स्वतंत्र दिवे मानले जात आणि जांभळा रंग लुकलुकवायचा तर तिन्हींची वेळ जुळवताना कसरत होई.

कर्नेलने किती करावे

पहिली भूमिका सांगते की निर्णय शक्यतो कर्नेलच्या बाहेर असावा. कर्नेलने दिवा चालू-बंद करण्याची सोय द्यावी आणि बाजूला व्हावे. युनिक्सच्या परंपरेत हे फार जुने सूत्र आहे आणि त्याच्यामागे सबळ कारण आहे: कर्नेलमधली चूक संपूर्ण यंत्र पाडते, साध्या प्रोग्राममधली चूक तोच प्रोग्राम पाडते. शिवाय कर्नेलने बाहेर दाखवलेली फाइल एकदा लोकांच्या वापरात आली की ती सहजी बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक नवा ट्रिगर ही वर्षानुवर्षांची जबाबदारी ठरते. कोणत्या दिव्याने काय सांगावे ही आवडीची बाब, ती गाभ्यात कशाला?

दुसरी भूमिका अनुभवातून आलेली आहे. दिव्याची सर्वाधिक गरज लागते ती बाकी सगळे कोलमडलेले असताना. वापरणाऱ्याचा प्रोग्राम मेमरी संपून मेला तर त्याच्या हातातला दिवा शेवटच्या स्थितीत अडकतो. पेटलेला असेल तर पेटलेलाच राहतो आणि सगळे ठीक असल्याची खोटी ग्वाही देत बसतो. कर्नेलमधला हार्टबीट मात्र कर्नेल जिवंत आहे तोवरच ठोके देतो. कर्नेल स्वतःच कोसळला तर त्या क्षणी ठरावीक दिवा लुकलुकवण्याचीही सोय आहे. भामरागडसारख्या ठिकाणी बसवलेल्या पेटीसाठी हा मुद्दा निर्णायक ठरावा असे वाटते. मात्र त्याची एक मर्यादा पुरेशी बोलली जात नाही. हार्टबीट सांगतो की कर्नेल चालू आहे. वाघ ओळखणारा प्रोग्राम चालू आहे असे तो सांगत नाही. 'आभासी भिंती'च्या कॅमेऱ्यावर निव्वळ हार्टबीट लावला आणि ओळख करणारा प्रोग्राम रात्री बंद पडला, तर दिवा पहाटेपर्यंत शांतपणे धडधडत राहील. त्यामुळे अशा जागी उलट रचना हवी: ओळखीच्या प्रोग्रामने दर काही सेकंदांनी हजेरी लावावी, आणि हजेरी चुकली की कर्नेलने आपणहून दिव्याचा रंग बदलावा. म्हणजे निर्णय एकाचा, पहारा दुसऱ्याचा. दोन्ही भूमिकांचे बळ इथे एकत्र येते, आणि लिनक्समधले वॉचडॉग याच तत्त्वावर चालतात. दिव्यांच्या बाबतीत मात्र अशी जोडणी ज्याने त्याने स्वतः उभी करायची असते.

तिसरी भूमिका हार्डवेअरची आहे आणि तिच्यावरचा वाद सर्वांत लांबला. नेटवर्कच्या जोडणीची चिप स्वतःच्या दिव्यांना स्वतः लुकलुकवू शकते. माहितीचे पाकीट गेले-आले की चमकवण्यासाठी तिला प्रोसेसरची गरज नसते. कर्नेलने तेच काम सॉफ्टवेअरने केले तर दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसरला उठावे लागते. पण चिपच्या या क्षमतेचे नियंत्रण वापरणाऱ्याला द्यायचे कसे? ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समधून आलेला 'नेटडेव्ह' ट्रिगर २०१८मध्ये मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाला होता, पण तो सॉफ्टवेअरचा. एका बाजूचे म्हणणे होते की प्रत्येक चिपच्या खास पद्धतींना तिचे खासगी ट्रिगर म्हणून दाखवावे; २०२०मध्ये तशी सोयही आली. दुसऱ्या बाजूला भीती होती की असे केले तर शंभर चिपांचे शंभर ट्रिगर होतील आणि २००६च्या आधीची बजबजपुरी परत येईल. त्यापेक्षा वापरणाऱ्याने 'नेटडेव्ह'च निवडावा आणि चिपला ते काम झेपत असेल तर कर्नेलने गुपचूप तिच्यावर सोपवावे. अनेक मसुद्यांनंतर २०२३मध्ये ही दुसरी वाट मुख्य कर्नेलने स्वीकारली. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण त्याची किंमत आहे. काम चिपकडे गेल्यावर दिवा नेमके काय मोजतो हे चिपच्या रचनेवर ठरते, आणि एकाच नावाच्या ट्रिगरखाली दोन राउटरांवरचे दिवे किंचित वेगळे वागू शकतात. एकसारखेपणा वरवरचा राहण्याचा हा धोका मान्य करूनच तो स्वीकारायला हवा.

साठवणीच्या डिस्कबाबत असे समाधान मिळालेले नाही. कोणत्याही डिस्कच्या हालचालीवर कोणताही दिवा लावता यावा, यासाठी २०२१मध्ये एक सर्वसाधारण ट्रिगर सुचवला गेला, त्याची बरीच रूपे फिरली. आक्षेप दोन होते: साठवणीच्या वेगवान वाटेवर दिव्यासाठी जास्तीची तपासणी नको, आणि हेच काम बाहेरचा प्रोग्राम आकडेवारी वाचून करू शकतो. सर्व्हरच्या पेट्यांत डिस्क शोधायला आणि बिघडलेली दाखवायला जे दिवे असतात, ते तर वर्षानुवर्षे बाहेरचे प्रोग्रामच हाताळत आले. त्यांपैकी काहींना कर्नेलमध्ये जागा अलीकडे मिळू लागली आहे. थोडक्यात, सरहद्द कुठे आखायची याचे एकच उत्तर खुद्द कर्नेलच्या देखभालकर्त्यांकडेही नाही.

एक तांत्रिक बारकावा इथेच नोंदवतो, कारण तो बाहेरच्यांना क्षुल्लक आणि आतल्यांना डोकेदुखी वाटतो. ट्रिगर कधीकधी अशा क्षणी चालतो जेव्हा कर्नेलला थांबण्याची मुभा नसते. प्रोसेसरच्या पिनला थेट जोडलेला दिवा तेव्हाही पेटवता येतो. पण आयटूसीसारख्या संथ तारेवरच्या चिपला जोडलेला दिवा पेटवायचा तर वाट पाहावी लागते, म्हणून ते काम रांगेत टाकून नंतर केले जाते. परिणामी यंत्रावर प्रचंड ताण असताना, म्हणजे नेमका दिव्यावर भरवसा ठेवावा अशा वेळी, दिवा मागे पडू शकतो. स्वस्त बोर्ड निवडताना याचा विचार क्वचितच होतो.

साक्ष देणारा दिवा

आतापर्यंतचे दिवे माहिती देणारे होते. चुकले तर गैरसोय होते. काही दिवे साक्षीदाराच्या भूमिकेत असतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा दिवा हे त्याचे परिचित उदाहरण. तो विझलेला असेल तर आपल्याला कोणी पाहत नाही, असे तो वचन देतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मॅथ्यू ब्रॉकर आणि स्टीफन चेकोवे यांनी २०१३मध्ये दाखवले की २००८पर्यंतच्या काही ॲपल संगणकांत हे वचन मोडता येते. तिथे दिवा सॉफ्टवेअरच्या हाती नव्हता. तो सेन्सरला झोपवणाऱ्या तारेलाच जोडलेला होता, त्यामुळे सेन्सर जागा तर दिवा पेटलेला, अशी हमी वाटत होती. संशोधकांनी कॅमेऱ्यातल्या छोट्या नियंत्रकाचा प्रोग्राम बदलून सेन्सरला त्या तारेकडे दुर्लक्ष करायला लावले. दिवा झोपेचा इशारा पाळत राहिला, सेन्सर चित्रे घेत राहिला. 'हार्डवेअरला बांधले म्हणजे निर्धास्त' या भूमिकेला लागलेला हा धक्का होता.

लिनक्ससमोर हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. नव्या लॅपटॉपांत कॅमेऱ्याचा सेन्सर थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि दिवा स्वतंत्र पिनवर. म्हणजे दिवा पेटवणे सर्वस्वी कर्नेलच्या हाती. हान्स द गुडे यांच्या पुढाकाराने २०२३मध्ये ६.३ या आवृत्तीत जी सोय आली तिच्यात चित्रण सुरू होताच कर्नेल दिवा लावतो आणि त्या दिव्याची सिसएफएसमधली 'ब्राइटनेस' फाइल बाहेरून लिहिण्यासाठी बंदच ठेवतो. दिवा नेहमीच्याच यंत्रणेत राहतो, पण वापरणाऱ्याचा प्रोग्राम, अगदी संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालणारासुद्धा, त्या फाइलमधून तो विझवू शकत नाही. एकाच यंत्रणेत दोन जातींचे दिवे आहेत याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणायची.

याच्यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे: ज्याच्या हाती संपूर्ण अधिकार आहे तो दुसरा कर्नेल टाकू शकतो किंवा पिनचा रजिस्टर थेट लिहू शकतो, मग या कुलपाला अर्थ काय? उत्तर असे की कुलूप कोणाविरुद्ध आहे हे पाहावे लागते. सामान्य हेरगिरीचा प्रोग्राम कर्नेल बदलत नाही. त्याच्याविरुद्ध ही सोय पुरते. कर्नेलवरच ताबा मिळवणाऱ्याविरुद्ध पुरत नाही, तिथे भौतिक झाकणच लागते. आणि याहून मूलभूत गोष्ट अशी की कोणताही दिवा शेवटी यंत्राचे स्वतःबद्दलचे निवेदन असते. गडचिरोलीतल्या मतदाराला हे नकळत ठाऊक आहे. मतदान यंत्रावर बटण दाबले की उमेदवाराच्या नावापुढे लाल दिवा लागतो आणि बीप वाजते. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१३च्या निकालानंतर कागदी चिठ्ठीची जोड टप्प्याटप्प्याने दिली गेली आणि आता ती काचेमागे सात सेकंद दिसते. त्या वादात इथे शिरायचे नाही. तत्त्व एवढेच की जिथे साक्षीला वजन आहे तिथे दिव्याशिवाय दुसरा पुरावा जोडण्याकडे व्यवस्थांचा कल असतो.

प्रामाणिक दिवाही प्रमाणाबाहेर बोलू शकतो. जो लॉग्री आणि डेव्हिड उम्फ्रेस यांनी २००२मध्ये दाखवून दिले की मोडेमसारख्या उपकरणांचे दिवे थेट माहितीच्या तारेवर बसवलेले असतील तर त्यांच्या लुकलुकण्यातून लांबून ती माहिती वाचता येते. २०१७मध्ये बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिस्कचा दिवा मुद्दाम थरथरवून नेटवर्कला न जोडलेल्या संगणकातून माहिती बाहेर काढली. कर्नेलच्या ट्रिगरांनी लुकलुकण्याची किमान वेळ ठेवणे म्हणूनच केवळ डोळ्यांच्या सोयीचे नाही. सॉफ्टवेअरचा ट्रिगर इथे नकळत गाळणीचे काम करतो, आणि काम चिपकडे सोपवताना ती गाळणी निघून जाते का, हे तपासायला हवे.

जंगलातली उलटी मागणी

जंगलात या सगळ्या युक्तिवादांची दिशा बदलते. व्याघ्रगणनेच्या पद्धतीत दोन चौरस किलोमीटरच्या चौकटीमागे कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. २०१८च्या देशव्यापी गणनेत अशी २६,८३८ ठिकाणे होती. या कॅमेऱ्याने आपले अस्तित्व जितके कमी सांगावे तितके चांगले. नेपाळच्या बर्दियातल्या वेगे आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात वाघ कॅमेऱ्यांना बुजून टाळू लागल्याचे आणि त्यामुळे अंदाज बिघडत असल्याचे नोंदवले आहे. तो पांढऱ्या फ्लॅशचा काळ होता. पुढे अवरक्त दिवे आले. ८५० नॅनोमीटरचा दिवा अंधारात मंद लाल ठिपक्यासारखा माणसालाही दिसतो. ९४० नॅनोमीटरचा जवळपास दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा सेन्सरही त्या प्रकाशाला कमी दाद देतो, म्हणून चित्राचा पल्ला घटतो. मीक आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवले की ट्रॅप कॅमेऱ्यांचा आवाज आणि प्रकाश अनेक सस्तन प्राण्यांच्या ऐकण्या-पाहण्याच्या कक्षेत येतो. प्राण्यांखेरीज चोरांचाही प्रश्न आहेच. लाल ठिपका शिकाऱ्याला कॅमेऱ्याची जागा दाखवून देतो.

साधे ट्रॅप कॅमेरे बहुधा लिनक्सवर चालत नाहीत. त्यांच्यात छोटा बंदिस्त प्रोग्राम असतो आणि कॅमेरा लावताना लुकलुकणारा तपासणीचा दिवा थोड्या वेळाने आपोआप गप्प होतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ऑडिओमॉथसारख्या उपकरणांत दिवा बंद ठेवण्याचा पर्याय मांडणीतच दिलेला असतो. अडचण येते ती जिवंत चित्र पाठवणाऱ्या आणि जागीच ओळख करणाऱ्या यंत्रांत. ती बहुतेक लिनक्सच्या छोट्या बोर्डांवर उभी असतात, आणि ते बोर्ड कार्यालयातल्या टेबलासाठी बनलेले असतात: विजेचा दिवा कायम पेटलेला, कार्डाच्या हालचालीचा लुकलुकणारा, नेटवर्कचे दोन वेगळे. जंगलासाठी त्यांना शांत करावे लागते आणि ते काम ड्रायव्हरच्या थरात पडते.

यावर सर्वांत सरळ आक्षेप असा की काळी चिकटपट्टी लावा आणि मोकळे व्हा. क्षेत्रात नेमके हेच केले जाते आणि त्यात कमीपणा नाही. पण पट्टी प्रकाश अडवते, खर्च अडवत नाही. दहा मिलिअँपियरचा एक दिवा दिवसभर पेटलेला ठेवला तर २४० मिलिअँपियर-तास जातात. दोन हजारांच्या सेलच्या संचावर म्हणजे आठ दिवस फक्त दिव्यालाच. हार्टबीट लावला तर निष्क्रिय यंत्रावर दिवा जेमतेम ११ टक्के वेळ पेटलेला असतो, पण प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर जागा होतो आणि गाढ झोपेत जाऊ शकत नाही; ही हानी दिव्याच्या खर्चाहून मोठी ठरू शकते. सौर पॅनेलवर आणि पावसाळ्याच्या ढगांखाली हा हिशेब टाळता येत नाही. शिवाय चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो, बंद पेटीच्या आत पट्टीचा गोंद किती दिवस टिकेल हा वेगळाच विषय.

मात्र दिवे सरसकट मारून टाकणे हेही उत्तर नाही. कॅमेरा लावायला गेलेल्या वनरक्षकाला तो चालू झाला की नाही हे तिथेच कळले पाहिजे; नाहीतर पुढच्या फेरीत रिकामे कार्ड हाती येते. म्हणून खरी गरज काळावर बांधलेल्या वागणुकीची आहे: पेटी बंद केल्यापासून काही मिनिटे दिव्याने बोलावे, मग गप्प व्हावे, आणि झाकण उघडले किंवा चुंबक लावले की पुन्हा बोलावे. कर्नेलमधल्या तयार ट्रिगरांत असे काही नाही, पण पिनवर आलेला इशारा ओळखून ट्रिगर बदलणारा छोटा प्रोग्राम ते करू शकतो. इथे मी पहिल्या भूमिकेच्या बाजूला झुकतो: ही गरज जंगलाची आहे, सर्वांची नाही, म्हणून ती गाभ्यात टाकण्याचे कारण नाही.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे. ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ जसा येतो तशी मोहफुले वेचायला पहाटे निघालेली बाईही येते. त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रुक यांनी कॉर्बेटच्या परिसरात केलेल्या आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅमेरे आणि ड्रोन यांमुळे जंगलात जाणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवली गेल्याची भावना आणि तिचे त्यांच्या वावरावर झालेले परिणाम मांडले आहेत. गडचिरोलीत याला कायद्याची बाजूही आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९मध्येच मिळवलेली मेंढा-लेखासारखी गावे इथली. अशा जंगलात ग्रामसभा पाहुणी नाही. लॅपटॉपच्या मालकाला कॅमेरा चालू असल्याचे कळण्याचा हक्क आहे असे आपण मानतो, तर आपल्याच जंगलात चालणाऱ्या माणसाला तो का नसावा? पण जो दिवा त्या माणसाला दिसेल तो वाघाला आणि शिकाऱ्यालाही दिसेल. एकाच दिव्याने दोघांना वेगवेगळे सांगावे, हे कोणत्याही ड्रायव्हरला जमणारे नाही. माझ्या मते इथे दिव्याकडून साक्षीची अपेक्षा सोडून द्यावी आणि ती कागदावर आणावी: कोणत्या पट्ट्यात, कोणत्या महिन्यांत कॅमेरे आहेत याची ग्रामसभेला सूचना, वाटेच्या तोंडाशी फलक, आणि माणसांची छायाचित्रे किती दिवसांत पुसली जातील याची लेखी अट. शिकाऱ्यालाही ती सूचना कळेल हा आक्षेप आहे. पट्टा सांगणे आणि झाड सांगणे यांत अंतर ठेवले तर तो बराचसा निष्प्रभ होतो, पूर्णपणे मात्र नाही.

जे अजून ठरलेले नाही

काही गोष्टी तांत्रिक जगातच उघड्या आहेत. यंत्र सुरू होताना कर्नेल जागा होण्याआधी दिव्याचा ताबा बूटलोडरकडे असतो. त्याने पेटवलेला दिवा कर्नेलने तसाच ठेवावा की विझवावा, हे सांगण्याची सोय आहे, पण बूटलोडरलाच गप्प बसवण्याची समान पद्धत नाही. वीज जाऊन परत आली की जंगलातला 'शांत' केलेला बोर्ड काही सेकंद सगळे दिवे पेटवून मोकळा होतो. दिव्यांच्या नावांची २०१९ची शिस्त नव्या ड्रायव्हरांना लागू झाली, जुनी नावे मात्र तशीच आहेत, कारण ती बदलली तर लोकांचे चालू प्रोग्राम मोडतील. साक्ष देणाऱ्या दिव्यासाठी बंद केलेली फाइल आज कॅमेऱ्यापुरती आहे. मायक्रोफोनच्या किंवा स्थाननिश्चितीच्या दिव्याला तेच संरक्षण द्यायचे का, यावर एकमत झालेले दिसत नाही.

आणि एक प्रश्न खरेदी करणाऱ्यांचा आहे. लिनक्स कर्नेल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यामुळे त्याच्यावर चालणारा कॅमेरा विकणाऱ्याने कर्नेलचा मूळ कोड मागणाऱ्या ग्राहकाला द्यावा लागतो. दिव्याचा ड्रायव्हर त्या कोडचा भाग असेल तर तो कसा वागतो हे वाचून पाहता येते. पण कोड मिळाला तरी बदललेला कर्नेल त्याच यंत्रावर चालू देण्याचे बंधन या आवृत्तीत स्पष्ट नाही. ते तिसऱ्या आवृत्तीत, २००७मध्ये आले आणि कर्नेलने ती स्वीकारली नाही. म्हणजे वन विभागाला किंवा ग्रामसभेला दिवा का लागतो हे कळू शकते, तो कसा लागावा हे ठरवता येईलच असे नाही. निविदेत मेगापिक्सेल आणि पल्ला यांच्यासोबत अवरक्त दिव्याची तरंगलांबी, सुरू होतानाची दिव्यांची स्थिती, ते बंद ठेवण्याचा पर्याय आणि स्वतःचा कर्नेल टाकण्याची मुभा या अटी लिहिता येतात. विक्रेते त्या मान्य करतील का, आणि केल्या तर किती किमतीला, हे अजून कोणी पुरेसे विचारून पाहिलेले नाही.